शिकलगारांचा तंबोरा

नागपूरच्या उन्हाळ्यात माणसे तगतात, वाद्ये तगत नाहीत. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, हवेतला ओलावा नाहीसा होतो आणि त्यावर उपाय म्हणून आपण खिडकीला वाळ्याच्या पडद्याचा कूलर बसवतो. दुपारभर खोली दमट. संध्याकाळी कूलर बंद झाला की तासाभरात पुन्हा कोरडीठाक. लाकूड आणि भोपळा यांना हा रोजचा ओला-सुका खेळ सोसत नाही. आमच्या परिचयातील एका निवृत्त संगीतशिक्षिकेचा तंबोरा अशाच एका मे महिन्यात भोपळ्याच्या बाजूने वीतभर तडकला. तंबोरा त्यांच्या गुरुजींचा, मिरजेला घडवलेला, पुरुषी, काळी एकचा. बाईंनी तो शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने तडीत लाकूडकामाचा पांढरा गोंद भरला, वरून रंग मारला आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या जुन्या तडीला लागूनच नवी तड गेली. मग मात्र ‘मिरजेलाच न्यायचा’ असे ठरले. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस नागपूरकराला थेट मिरजेला सोडते. एक दिवस आणि एक रात्र हा तंबोरा गवसणीत गुंडाळलेला, खालच्या बाकावर एका पूर्ण माणसाची जागा अडवून, आमच्यासोबत होता. प्रस्तुत लेखाचे निमित्त एवढेच.

मराठीत संगीताचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. घराणी, बुवा, खाँसाहेब, बंदिशी, मैफलींच्या आठवणी यांनी कपाटे भरली आहेत. पण ज्या वाद्याच्या सोबतीवाचून यांपैकी एकही मैफल रंगली नसती त्या वाद्याच्या कारागिराला या इतिहासात फारसे पान नाही. गायकाच्या मागे बसून तंबोरा छेडणाऱ्या शिष्याचे नाव निदान छायाचित्राखाली येते; तंबोरा घडवणाऱ्याचे तेथेही येत नाही. पश्चिमेत याच्या उलट स्थिती आहे. तेथे व्हायोलिनच्या पोटात चिकटवलेल्या कागदी चिठ्ठीवरून वाद्याची किंमत ठरते आणि क्रेमोनाच्या स्ट्रादिवारीचे नाव संगीतातले ओ की ठो न कळणाऱ्यालाही ठाऊक असते. आपल्याकडे मिरज हे गाव ठाऊक असते, माणूस ठाऊक नसतो.

मिरजेची कथा तलवारीपासून सुरू होते. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे, पाणी देणारे, त्यांची डागडुजी करणारे लोक. मिरज हे पटवर्धनांचे संस्थान. पेशवाईत १७६१ च्या सुमारास ते त्यांच्याकडे आले. कृष्णेपलीकडच्या सरहद्दीवर सतत लढाईच्या तयारीत राहणारे हे सरदार असल्याने शिकलगारांना कामाची ददात नव्हती. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, संस्थानिकांच्या फौजा हळूहळू शोभेच्या झाल्या, १८५७ नंतर जागोजागी शस्त्रे काढून घेण्याचे सत्र सुरू झाले आणि १८७८ च्या शस्त्रकायद्याने उरलीसुरली धारही बोथट केली. तलवारच नाही तर शिकलगाराने काय करायचे?

फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांचे बंधू मोहिद्दीन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वाद्ये दुरुस्त करण्यास आणि पुढे घडवण्यास आरंभ केला असे मिरजेतील परंपरा सांगते. दरबारी कलावंताचे मोडके वाद्य दुरुस्तीला आले आणि तेथून पुढचे सारे घडले, अशा आशयाच्या कथा तेथे ऐकायला मिळतात. तपशिलात त्या एकमेकींशी जुळत नाहीत. मला त्यातले एकच महत्त्वाचे वाटते की आरंभ दुरुस्तीने झाला. मोडलेले उघडून पाहणाऱ्यालाच ते कसे उभे होते हे कळते. पुढे या कुटुंबांचे आडनावच ‘सतारमेकर’ झाले. शिकलगार हे फार्सी वळणाचे आडनाव जाऊन त्या जागी अर्धे हिंदुस्थानी आणि अर्धे इंग्रजी आडनाव आले. शंभर वर्षांचा इतिहास सांगायला एवढे एक आडनाव पुरे आहे.

(या दोन धंद्यांत लोक समजतात तेवढे अंतर नाही. पात्याची धार बोटाच्या पेराने पारखणारा हात घोडीवरची जवारीही त्याच पेराने पारखतो. दोन्हीकडे काम कानशीचे, आणि दोन्हीकडे एक फिरवणे जास्त झाले की केलेले सारे वाया.)

वाद्य घडवणारा असून भागत नाही, ते पारखणारा लागतो. मिरजेला तोही मिळाला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली आणि मिरजेस विद्यादान केले. कुरुंदवाडला जन्मलेले विष्णू दिगंबर पलुस्कर लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाल्यावर मिरजेत त्यांच्यापाशी शिकले. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. या घटनेचे वाद्यांच्या दृष्टीने काय झाले याचा विचार सहसा होत नाही. तोवर तंबोरा ही दरबाराची अथवा उस्तादाच्या घराची वस्तू होती. वर्ग सुरू झाले, परीक्षा सुरू झाल्या, मध्यमवर्गीय घरांतील मुले-मुली गाणे शिकू लागल्या, तशी गिऱ्हाइकांची एक नवीच जात जन्माला आली. हिला तंबोरा परवडला पाहिजे, टिकला पाहिजे आणि बायकांच्या आवाजालाही जुळला पाहिजे. पलुस्करांनी आपल्या संस्थेला वाद्ये तयार करण्याचा विभागही जोडला होता, यावरून ही निकड त्यांनी किती ओळखली होती ते दिसते.

दुसरे नाव अर्थातच अब्दुल करीम खाँ यांचे. किराना घराण्याचा हा थोर गायक मिरजेचा झाला. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळकोईल स्टेशनावर त्यांचे निधन झाले आणि मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात त्यांना दफन केले. तेथे उरुसात आजही गाणे होते. खाँसाहेबांचे सगळे गाणे स्वर लावण्यात होते. किराना गायकीत षड्ज नुसता लागून चालत नाही, तो तंबोऱ्याच्या षड्जात विरघळावा लागतो. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांच्या श्रुतिविषयक प्रयोगांत खाँसाहेबांचा सहभाग होता. देवलांचे बावीस श्रुतींवरील पुस्तक १९१० चे आहे. ते सिद्धान्त पुढे वादात सापडले ते असो. आपल्या मुद्द्यापुरते सांगायचे तर मिरज-सांगलीच्या दहा-बारा किलोमीटरच्या टापूत त्या काळी एकीकडे स्वर मोजणारा माणूस होता, एकीकडे तो गाणारा होता आणि तिसरीकडे तो भोपळ्यात भरणारा होता. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सवाई गंधर्व यांच्या गाण्यातला तंबोरा ऐकताना हे तिसरे घर आठवावे.

आता भोपळ्याकडे वळू. तंबोऱ्याचा भोपळा हा भाजीचा भोपळा नव्हे. तो कडू असतो, जाड सालीचा असतो आणि सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकवला जातो. विठोबाच्या वाटेवरचा वारकरी ज्या भोपळ्याची वीणा गळ्यात घालतो त्याच्याच नात्यातला हा. वेलावर असताना तो कलंडून वेडावाकडा वाढू नये म्हणून शेतकऱ्याला त्याची बैठक सांभाळावी लागते, आणि तो पुरता वाळेपर्यंत धीर धरावा लागतो. कारागीर तो पाण्यात भिजवून नरम करतो, तोंड कापतो, आतला गर आणि बिया खरवडून काढतो, आणि आत काड्यांचे टेकू देऊन हवा तसा घेर येईपर्यंत पुन्हा वाळवतो. भोपळ्याला जोडायचा गळा, त्यावरची पोकळ दांडी आणि भोपळ्याच्या तोंडावर बसवायची किंचित फुगीर तबली ही तुणीच्या लाकडाची, ज्याला कारागीर लाल देवदार म्हणतात. ते कर्नाटकातून येते. तबलीची जाडी सर्वत्र सारखी ठेवून चालत नाही. किती ठेवायची ते मोजपट्टी सांगत नाही. कारागीर बोटाने टिचकी मारतो, ऐकतो आणि पुन्हा रंधा हाती घेतो. मी मिरजेत ज्यांच्याकडे गेलो ते वृद्ध कारागीर बोलता बोलता टिचक्या मारीत होते. आपण बोलतो आहोत याचे भान त्यांना होते की नाही कोण जाणे.

आणि मग जवारी. तंबोऱ्याचा जीव येथे आहे. व्हायोलिनच्या किंवा गिटारच्या घोडीवर तार एका कडेवर टेकते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि अगदी मंद उताराचा असतो. तार कंप पावताना त्या उताराला चाटत जाते. खाली सुताचा एक बारीक दोरा सरकवला की ती नेमकी कोठून सुटते हे ठरते. दोरा केसभर सरकला की बोथट वाटणारी तार एकदम बोलू लागते. या चमत्काराकडे शास्त्रज्ञांतून ज्याचे लक्ष आरंभी गेले तो माणूस चंद्रशेखर वेंकट रामन. १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या टिपणात त्यांनी दाखवले की ज्या बिंदूवर तार छेडली त्या बिंदूवर ज्यांचा निःस्पंद पडतो ते उपस्वर नियमाप्रमाणे मुळीच ऐकू येऊ नयेत. तंबोऱ्यात मात्र ते स्वच्छ ऐकू येतात, आणि याचे कारण घोडीचा हा वक्र माथा. (रामन १९१० मध्ये सरकारी हिशेबखात्यात नोकरीवर असताना वर्षभराच्या आतबाहेर नागपुरात होते. त्या मुक्कामात त्यांनी येथे एखादा तंबोरा ऐकला असेल, अशी कल्पना करण्याचा मोह नागपूरकर म्हणून होतो; पुरावा नाही, तेव्हा मोह आवरलेला बरा.)

या उपस्वरांमुळेच खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येतो, ज्याला आपले गायक स्वयंभू गांधार म्हणतात. तो तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट कंपनाचा स्वर. पेटीचा गांधार त्याच्याहून किंचित चढा असतो, अर्धस्वराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भागांनी. हे चौदा भाग ज्याला खुपतात तो तंबोऱ्यावर गातो. ज्याला खुपत नाहीत त्याचे पेटीवर भागते. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली. तिच्यामागे राजकारण होते तसे हे चौदा भागही होते.

आता बाईंच्या तंबोऱ्याकडे येतो. मिरजेच्या कारागिरांनी तो हातात घेतला, तडीतला पांढरा गोंद नखाने खरवडला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “साहेब, हा गोंद भोपळ्याहून घट्ट आहे. मग फाटणार कोण?”

या एका वाक्यात दुरुस्तीचे सगळे शास्त्र आहे. परंपरेने सांधे सरसाने जोडत. ताण आला की सरसाचा सांधा सुटतो, लाकूड फुटत नाही, आणि सुटलेला सांधा ऊब आणि ओल देऊन पुन्हा जोडता येतो. युरोपात व्हायोलिन आणि डबल बेस दुरुस्त करणारे आजही सरसच वापरतात ते याच कारणासाठी. वाद्य आपल्यानंतर पुन्हा कोणीतरी उघडणार आहे हे त्यांनी गृहीत धरलेले असते.

डबल बेसचा उल्लेख केला तो सहज नव्हे. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंदात गोव्याच्या वादकांच्या हाती आपण हे वाद्य ऐकले आहे. माणसाहून उंच, उभ्याने वाजवायचे, साऱ्या वृंदाला तळ देणारे. तंबोरा गायकाला जे देतो ते हे वाद्य वृंदाला देते. त्याचा इतिहास मात्र शस्त्रक्रियांचा आहे. जुने डबल बेस अनेकदा तीन तारांचे होते. पुढच्या वादकांना चार हव्या झाल्या, म्हणून त्यांच्या माना बदलल्या. काहींचे खांदे वादकाचा हात पोचेना म्हणून कापले, काहींचे पोटच कापून लहान केले. आतड्याच्या तारांऐवजी पोलादी तारा आल्या तेव्हा वाढलेल्या ताणासाठी आतून टेकू बळकट करावे लागले. म्हणून आज जुना बेस दुरुस्तीला आला की प्रश्न पडतो, कोणत्या काळाकडे दुरुस्त करायचा? घडवला त्या, की वाजतो आहे त्या? व्हेनिसच्या द्रागोनेत्ती या विख्यात वादकाने आपला गास्पारो दा सालोने घडवलेला बेस सेंट मार्कच्या चर्चला ठेवला. तो आता तेथल्या संग्रहालयात आहे आणि या प्रश्नातून सुटला आहे. सगळ्यांनाच सुटता येत नाही.

बाईंनाही नेमका हाच प्रश्न होता. तंबोरा काळी एकचा. गाणारी आता त्यांची नात, तिची पट्टी काळी चार. आजीची इच्छा अशी की गुरुजींचा तंबोरा नातीने घ्यावा. काळी एक ते काळी चार हे अंतर षड्ज-पंचमाचे, म्हणजे दीडपटीचे. तीच तार तेवढी चढवायची तर तिच्यावरचा ताण सव्वादोनपट होतो; ऐंशी वर्षांची तबली तो घेणार नाही, खचेल. ताण तेवढाच ठेवायचा तर तार मूळच्या दोन तृतीयांश जाडीची लागेल, आणि एवढ्या मोठ्या भोपळ्यावर ती बारीक तार बोलणार काय? भल्यामोठ्या देवळात पोराने कुजबुजावे तसे होईल. तिसरा मार्ग दांडी कापून तारेची लांबी कमी करण्याचा. तो बाईंनीच सुचवला, चाचरत. कारागिरांनी नकार दिला. “नवा बनवून देतो बाईंना. याला हात लावत नाही.” त्यात व्यापार होता असे कोणी म्हणेल. मला तसे वाटले नाही, कारण दुरुस्तीचे पैसे त्यांनी तडजोड करूनही फारसे सांगितले नव्हते, आणि नव्या तंबोऱ्यासाठी थांबावे लागेल हे त्यांनी स्वतःच दोनदा बजावले.

नवा तंबोरा जुन्यासारखा होईल का, असे मी विचारले. घोडीवरून बोट फिरवीत त्यांनी सांगितले की पूर्वी जवारीसाठी हस्तिदंत, सांबरशिंग मिळे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्या यांनी ते बंद झाले. आता उंटाचे हाड, आबनूस किंवा कृत्रिम पदार्थ. कायदा योग्यच आहे. पेंचच्या जंगलात सांबर पाहिलेला विदर्भातला माणूस तरी त्याविरुद्ध बोलणार नाही. पण बदललेल्या पदार्थावर कानस बदलते, हात नव्याने शिकवावा लागतो, आणि शिकायला बसणारी मुले थोडी. सगळ्यांत मोठा फरक मात्र कायद्याने पाडलेला नाही. १९७९ च्या सुमारास बंगळुरातून इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला आणि आता तो मोबाइलमध्ये जाऊन बसला. त्याला तड जात नाही, गवसणी लागत नाही, विमानात जागा लागत नाही. आमच्या पिढीने आधी त्याची टिंगल केली, मग गुपचूप विकत घेतला. त्याने गाणे बिघडवले असे मी म्हणणार नाही. हजारो मुलांना त्याने घरबसल्या षड्ज दिला. त्याने एक गोष्ट नेली ती तंबोरा लावण्याची. चार तारा मिळवताना जो अर्धा तास जातो त्या अर्ध्या तासात कान तयार होतो, आणि गुरूंच्या घरी शिष्याची पहिली दोन वर्षे याच अर्ध्या तासांची असत. लावलेलाच तंबोरा हाती आला की तो ऐकायचा कसा हे शिकायचे राहून जाते.

मार्च २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. गावात साडेचारशेच्या वर वाद्यकारागीर असल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. मानांकनाने ‘मिरज’ या नावावर दुसऱ्या कोणाला वाद्ये विकता येणार नाहीत, हा लाभ खराच. पण मानांकन गावाला मिळते. प्रत्येक तंबोऱ्याच्या आत, तबली बसवण्यापूर्वी, तो घडवणाऱ्याने आपले नाव आणि साल लिहावे अशी सूचना मी तेथे करून पाहिली. ते हसले. आत कोण बघणार, असे त्यांचे म्हणणे. दुरुस्त करणारा बघेल, असे मी म्हटल्यावर हसू थांबले. मग त्यांनी विषय बदलला आणि मुलाला चहा सांगायला पाठवले.

बाईंचा तंबोरा चार महिन्यांनी परत आला. भोपळा आतून कापडाच्या पट्ट्या सरसात भिजवून बांधला होता, तड बाहेरून दिसत होती; ती रंगाने लपवू नका असे बाईंनीच कळवले होते. तबली जुनीच ठेवली, जवारी नवी काढली. पहिल्या संध्याकाळी बाईंनी तो स्वतः लावला. काळी एक. नात समोर बसली होती. त्या पट्टीत तिला गाता येत नव्हते, म्हणून ती नुसती ऐकत होती. दोन महिन्यांनी बाईंनी तंबोरा वर्ध्याच्या एका विद्यार्थ्याला देऊन टाकला. पोराचा आवाज काळी एकचा आहे. नातीसाठी मिरजेला नव्या, जनानी तंबोऱ्याची मागणी नोंदवली आहे. वर्ध्याच्या मुलाला दिलेल्या सूचनांच्या कागदावर मात्र पहिलीच ओळ बाईंनी लाल शाईने लिहिली: तंबोरा कूलरच्या खोलीत ठेवू नये.